मग ती राहिली कुठं?

हेडफोन लावलेत ना? आणि जे ऐकण्याऐवजी हे वाचतायत त्यांच्यासाठी मी जशी बोलले तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त दर वाक्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढून टाकलेत. बरेच होते.

आजचा विषय: अलीकडच्या वर्षांत आलेले थ्रिलर्स, आणि ज्यांच्यावर 'अपलिफ्टिंग वुमन्स फिक्शन' असा शिक्का बसतो ती पुस्तकं. आता हा शिक्का मला पटत नाही. 'मेन्स फिक्शन' नावाचं कपाट कुठल्या दुकानात बघितलंय का कुणी? पण ठीक आहे, शोधताना तेच टाइप करावं लागतं.

आधी माझं सांगते. मी थ्रिलरवाली. बीटेक झालं, हिंजवडीत नोकरी लागली, आणि आमच्या टीममध्ये ऑन-कॉल असतं. म्हणजे रात्री अडीचला फोन वाजतो, काहीतरी पडलेलं असतं, आणि तुम्ही डोळे चोळत लॉग वाचत बसता की कोणी केलं, कधी केलं, का केलं. थ्रिलर म्हणजे तेच, फक्त सकाळी मॅनेजरला मेल लिहावा लागत नाही. शिवाय घरातच होतं ते. आमच्या आजोबांकडे बाबूराव अर्नाळकरांच्या पातळ पातळ रहस्यकथा होत्या, झुंजार, काळापहाड वगैरे. बाबा सुहास शिरवळकरवाले. त्यामुळे मी 'फील-गुड' म्हटलं की नाक मुरडायचे. चहा, पाऊस, मांजर, आणि शेवटी सगळ्यांचं भलं. छ्या.

हे कसं बदललं ते सांगायचंय. त्यात माझी आई आहे.

आई कराडला असते. तिला इंग्रजी वाचायची सवय नाही, पण गोष्ट ऐकायला प्रचंड आवडते. मी वाकडच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये जे ऐकते, ते रात्री साडेनऊला तिला फोनवर मराठीत सांगते. रोज वीस मिनिटं. मालिकेसारखं, उद्याच्यासाठी काहीतरी लटकत ठेवून. ती तेव्हा भाजी निवडत असते, फोन डब्याला टेकवून.

पहिलं सांगितलं 'द थर्सडे मर्डर क्लब'. रिचर्ड ऑस्मन, 2020. इंग्लंडमधल्या केंट भागात म्हाताऱ्या माणसांसाठी एक पॉश वसाहत आहे, तिथे चौघं जण दर गुरुवारी जमतात आणि पोलिसांनी न सुटलेल्या जुन्या केसेस घेऊन बसतात. एलिझाबेथ, जिच्या पूर्वायुष्याबद्दल कुणी उघड बोलत नाही. जॉइस, रिटायर्ड नर्स, डायरी लिहिते. इब्राहिम मानसोपचारतज्ज्ञ. रॉन, कामगार पुढारी. मग एका बिल्डरचा खून होतो. आईला हे फार आवडलं, कारण तिच्या मते बिल्डरचा खून झाला तर संशयित कमी कसे असतील. जॉइसचं तर तिनं नाव पाडलं 'आपली कुलकर्णीबाई'. पण पुस्तक संपलं, खुनी सापडला, मी विजयी मुद्रेनं थांबले, आणि आई म्हणाली, "ते बरं झालं. पण त्या एलिझाबेथच्या नवऱ्याला विसरायचा आजार आहे ना, मग ती भायेर गेली की त्याच्याजवळ कोण बसतं?"

मी म्हटलं, अगं आई, खुनी सापडला!

"सापडला की. मी त्याचं विचारतच नाहीये."

हे आईचं नेहमीचं आहे. कुठलीही गोष्ट सांगा, तिचा प्रश्न ठरलेला. मग ती राहिली कुठं? खाल्लं काय? पोरांना कोणी बघितलं? मी चिडायचे. म्हणायचे, लेखकानं लिहिलं नाहीये ते, गोष्ट संपली. ती म्हणायची, गोष्ट संपली, बाई आहे की अजून.

मग मी घेतलं 'द हाउसमेड'. फ्रीडा मॅकफॅडन, 2022. तुमच्यापैकी निम्म्यांनी वाचलं असेल, म्हणून जपून बोलते, फक्त सुरुवातीचं सांगते. मिली तुरुंगातून सुटलेली आहे, पॅरोलवर. राहायला जागा नाही, गाडीत झोपते. तिला एका श्रीमंत घरात कामवालीची नोकरी मिळते, राहून-खाऊन. मालकीण विचित्र, मालक देखणा. आणि तिला दिलेली खोली माळ्यावर. तिथे गेल्यावर तिच्या लक्षात येतं की दाराला कुलूप बाहेरून आहे.

मी हे फोनवर रंगवून सांगितलं. आवाज खाली आणला, थोडं थांबले, आणि म्हटलं, "आई... कुलूप... बाहेरून!"

तिकडून काहीच नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग आई म्हणाली, "आज एवढंच बास. उद्या बोलू." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनंच केला, दुपारी, मी मीटिंगमधून बाहेर येऊन घेतला. तिनं जे सांगितलं ते मी इथे सांगू का म्हणून विचारून घेतलंय. परवानगी मिळाली, अट एकच, त्या लोकांच्या गावाचं नाव घ्यायचं नाही.

माझी एक मावशी आमच्या घरी मागच्या खोलीत राहते. मला आठवतं तेव्हापासून. शिवणकाम करते, माझ्या शाळेच्या युनिफॉर्मपासून फेअरवेलच्या ब्लाउजपर्यंत सगळं तिचंच. ती आमच्याकडे का राहते हा प्रश्न मला अठ्ठावीस वर्षांत पडला नाही. मावशी असते, तशी आहे. तर मावशीला सासरी धान्याच्या खोलीत कोंडलं होतं. चार दिवस. माहेरून काही आणायचं होतं, ते आणलं नाही म्हणून. शेजारच्या एका बाईनं मुक्कामी एसटीच्या ड्रायव्हरकडे निरोप दिला, तो कराड स्टँडवर कुणाला तरी पोचला, तिथून आजोबांना. आजोबा आणि बाबा जाऊन घेऊन आले. आईनं हे इतक्याच वाक्यांत सांगितलं.

मी म्हटलं, आई, मावशीला नको कळू देऊ हं मी असली गोष्ट सांगत होते.

"कळू देऊ म्हणजे? तू रोज स्पीकरवर असतीस. ती समोरच बसती निवडायला. काल उठून गेली."

म्हणजे दीड महिना माझ्या गोष्टीला दोन श्रोते होते आणि मला एकच माहीत होता.

त्या दिवशी काम सुधरलं नाही. मला सारखा माझाच आवाज ऐकू येत होता, तो नाटकी, 'बाहेरून!' म्हणणारा. पुस्तक इंटरनेटवर बघितलं तर लोकांची सगळ्यात मोठी तक्रार ही होती की कुलूप दिसल्यावर ती मूर्ख मुलगी तिथे थांबलीच का. आधी मीही हेच म्हणत होते. पण मॅकफॅडननं ते पहिल्याच पानांत सांगून ठेवलंय. ती गाडीत झोपत होती. जायचं कुठं? आईचाच प्रश्न तो, मी त्याच्यावरून उडी मारून कुलपापाशी गेले होते.

मग मी ठरवलं की आता घरी थ्रिलर बंद. चांगलं-चांगलं सांगायचं. हे ठरवण्यात किती आगाऊपणा होता ते पुढे येईलच.

असं मी 'लेसन्स इन केमिस्ट्री' उचललं. बॉनी गार्मस, 2022. हे पहिलं पुस्तक आलं तेव्हा बाईंनी साठी ओलांडली होती, आणि त्याच्या आधीची त्यांची कादंबरी 98 वेळा नाकारली गेली होती. आधी जाहिरातीत काम करायच्या. एका मीटिंगमध्ये त्यांनी एक कल्पना मांडली, थोड्या वेळानं एका पुरुषानं तीच आपली म्हणून मांडली, आणि त्या भडकून परत येऊन पहिलं प्रकरण लिहायला बसल्या. हे वाचलं तेव्हा मी जोरात हसले, बसमध्ये, कारण मागच्याच तिमाहीत माझं हेच झालं होतं. मी एक डिझाइन मांडलं होतं, क्यू वेगळी काढायचं. कुणी काही बोललं नाही. दहा मिनिटांनी एका सीनियरनं तेच शब्द, अगदी तेच शब्द, आणि सगळे 'ग्रेट पॉइंट'. मी काय केलं? मीही 'ग्रेट पॉइंट' म्हटलं. अजून लाज वाटते.

तर गोष्ट अशी. 1950 च्या दशकाची अखेर, कॅलिफोर्निया. एलिझाबेथ झॉट केमिस्ट आहे. लग्न न करता गरोदर राहिली म्हणून संशोधन संस्थेतून काढून टाकतात. ज्याच्यावर प्रेम होतं तो माणूस गेलेला. हे सगळं पुस्तकाच्या पहिल्या भागातच होतं. थ्रिलर असता तर इथे संपला असता, अपघात की घातपात वगैरे. इथे आईचे प्रश्न सुरू होतात. ती राहिली कुठं? तर त्याच घरात. स्वयंपाकघराच्या भिंतींवर घण घातला आणि तिथेच प्रयोगशाळा उभी केली. खाल्लं काय? तर ज्यांना तिचं डोकं हवं होतं ते जुने सहकारी गुपचूप घरी यायचे, आपले अडलेले प्रश्न घेऊन, आणि ती त्यांच्याकडून रोख पैसे घ्यायची. हा भाग आईनं दोनदा सांगायला लावला. "रोख?" रोख. "बरं केलं. उधारीवर अक्कल देऊच नये." पोरीला कोणी बघितलं? समोर राहणारी हॅरिएट, जिचं स्वतःच्या नवऱ्याशी अजिबात पटत नाही, ती एक दिवस येऊन उभी राहते आणि मग रोज येते.

पुढे झॉट टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम करते, मिठाला सोडियम क्लोराइड म्हणते, आणि बायकांना सांगते की तुम्ही जे रोज करता ते रसायनशास्त्र आहे. त्याचीच सगळीकडे चर्चा असते, 2023 मध्ये मालिकाही आली. पण आमच्या घरी टीव्हीच्या कार्यक्रमाचं फारसं कौतुक झालं नाही. आमच्या घरी हॅरिएट गाजली. रोज फोन उचलला की "त्या शेजारणीचं काय झालं?"

पुस्तकाचा शेवट मला जरा सोयीचा वाटला. सगळे धागे एका हातानं ओढून गाठ मारल्यासारखा. थ्रिलरमध्ये असं केलं तर आपण लेखकाला सोडत नाही, मग इथे का सोडायचं? पण पहिल्या दोनशे पानांसाठी मी ते माफ केलं.

त्यानंतर 'रिमार्केबली ब्राइट क्रीचर्स', शेल्बी व्हॅन पेल्ट, तेही 2022 चंच. सत्तरीची टोव्हा रात्री मत्स्यालय साफ करायला जाते. पैशांची गरज नाही, हाताला काम लागतं म्हणून. तिचा मुलगा तीस वर्षांपूर्वी समुद्रात बेपत्ता झालाय. आणि तिथे टाकीत मार्सेलस नावाचा ऑक्टोपस आहे, जो काही प्रकरणं स्वतः सांगतो, भयंकर खडूस आवाजात, आणि कैदेचा कितवा दिवस ते मोजतो. रात्री टाकीतून निसटतो, मत्स्यालयात फिरतो, दुसऱ्या टाक्यांमधलं खातो, परत येऊन बसतो. मुलाचं काय झालं हे त्याला माणसांच्या आधी कळतं. म्हणजे बघा, हे रहस्यकथाच आहे. दुकानात कुठल्या कपाटात ठेवतील? दुसऱ्याच.

आई ऑक्टोपसला कंटाळली. "आठ पायाचं, आणि बोलतंय?" पण मागून कुणीतरी खुदकन हसलं. आता मला माहीत होतं कोण ते.

हे असं दोन-अडीच महिने चाललं. मी खूश होते स्वतःवर. मावशीला मी छान छान गोष्टी देत होते, औषधासारख्या, सकाळ-संध्याकाळ. आणि मग एका रात्री फोन उचलला तो मावशीनं. ती कधी उचलत नाही. म्हणाली, "काय गं, ती कामवालीची गोष्ट तू मधीच टाकलीस."

मी काहीतरी पुटपुटले. म्हटलं, मावशी, ती जरा वंगाळ आहे.

"ते मला कळालं. पण ती भायेर आली का न्हाई?"

आता मी काय सांगू तुम्हाला. मी दोन-अडीच महिने ठरवत बसले होते की हिला काय झेपेल. आणि ही दोन-अडीच महिने त्या खोलीच्या दाराशी उभी होती, मीच उभं करून ठेवलेली.

मी सांगितली. सगळी. एका बैठकीत, तास-सव्वा तास, बॅटरी लाल झाली म्हणून चार्जर लावून. नाटकी आवाज न करता. शेवट इथे सांगत नाही, ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी, तिला सांगितला. मध्ये तिनं एकदाच थांबवलं.

"कडी हुती का कुलूप?"

म्हटलं, कुलूप गं. किल्लीचं.

"हां. कडी असली की कुणीतरी येता-जाता काढतं. कुलूप असलं की किल्ली कुणाकडं हाय ते बघावं लागतं."

मागच्या खोलीच्या दाराला आतून दोन कड्या आहेत, एक वर, एक खाली. लहानपणी मला वाटायचं मांजर येतं म्हणून. हे मला तेव्हा, फोनवर, पहिल्यांदा आठवलं. मी काही बोलले नाही त्यावर.

संपल्यावर तिनं विचारलं, लिहिणारी कोण? मी म्हटलं, टोपणनाव आहे, पण बाई डॉक्टर आहे, मेंदूच्या दुखापतीचे वगैरे पेशंट बघणारी. मावशी म्हणाली, "मग बरोबर. बघितल्या असतील तिनं अशा बाया दवाखान्यात." मी मॅकफॅडनवरची चार परीक्षणं वाचली होती, सगळीकडे 'ट्विस्ट' आणि 'पानं उलटतात' एवढंच. हे कुणी म्हटलं नव्हतं. आता मला मॅकफॅडन फार थोर लेखिका वाटते असं नाही हं. वाक्यं सपाट असतात, आणि दोन-तीन पुस्तकं सलग वाचली की तिची कामाची पद्धत दिसायला लागते. पण या एका पुस्तकात तिनं कुलपाच्या आधी पोट ठेवलंय, ते खरं आहे.

तेव्हापासून थ्रिलर परत चालू झाले, आणि सध्या आमच्याकडे जे गाजतंय ते दोन्ही कपाटांत मावणारं आहे. 'द बँडिट क्वीन्स', परिणी श्रॉफ, 2023. लेखिका अमेरिकेत वकिली करते, हे तिचं पहिलं पुस्तक, वुमन्स प्राइझच्या लांबच्या यादीत होतं. गोष्ट गुजरातमधल्या एका खेड्यातली. गीताचा नवरा पाच वर्षांपूर्वी तिला सोडून पळून गेला. पण गावाची खात्री आहे की तिनंच त्याला मारलं. आणि गीता ते खोडून काढत नाही, कारण फायद्याचं आहे! कुणी वाटेला जात नाही. ती मंगळसूत्रं बनवून विकते, आणि घासाघीस करायची कुणाची हिंमत होत नाही. एक दिवस तिच्या कर्जगटातली एक बाई येते आणि म्हणते, तुला अनुभव आहे, माझ्या नवऱ्याचंही बघ ना.

हसू येतं ना? मलाही आलं. फूलनदेवी हे गीताचं दैवत आहे, नावही तिच्यावरूनच. पण आईनं मात्र हे एकदम सीरियसली घेतलं, कारण आई स्वतः बचत गटात आहे, वही तिच्याकडे असते. तिनं मला पहिल्यांदा नीट समजावलं की या गोष्टीचं इंजिन नवरे नाहीत, हप्ता आहे. गटाचं कर्ज म्हणजे एकीनं भरलं नाही तर बाकीच्यांनी भरायचं. त्या बाईचा नवरा दारूत पैसे घालवतो, तिचा हप्ता थकतो, तो बाकीच्यांच्या गळ्यात. म्हणजे एका घरातला दारुडा हा पाच घरांचा प्रश्न होतो. "म्हणून त्या एकमेकींच्या घरात बघतात," आई म्हणाली. "लोकांना वाटतं चोंबड्या आहेत." आम्ही कॉलेजमध्ये डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम शिकलो, एक नोड पडला तर भार बाकीच्यांवर कसा जातो, अख्खं सेमिस्टर. आई ते महिन्याला शंभर रुपये वर्गणीत शिकली.

तिची एक तक्रारही आहे. पुस्तकात खुनाचं फार पटकन ठरतं असं तिचं मत. "आधी समजावतील, मग चार जणी मिळून त्याच्या आईकडं जातील, मग दारूच्या दुकानाफुडं बसतील. त्याला चार महिने जातात." मी म्हटलं, आई, मग कादंबरी हजार पानांची होईल. तर म्हणे, होऊ दे की.

गेल्या महिन्यात तिनं गटाच्या मीटिंगला ही गोष्ट निम्मी सांगितली. वही तशीच राहिली, हप्त्यांचा हिशोब दुसऱ्या दिवशी करावा लागला. आता त्यांचा निरोप येतो की पुढचं सांगा. म्हणजे माझं पाठवलेलं तिथून पुढे फॉरवर्ड होतंय, आणि वाटेत बदलतंय पण. परवा आई सांगत होती त्यात गीताचं गाव मिरजेजवळ होतं.

उद्या शनिवार, स्वारगेटहून साडेसहाची गाडी आहे. शेवटची साठ पानं राहिलीयत. मी फोनवर सांगते म्हटलं तर मावशीनं नको म्हटलं. समोर बसून सांग म्हणाली, चेहऱ्यावरून कळतं तू काय गाळतीस ते.